दोष कुणाच्या रक्तात

सोमवार, १० एप्रिल १९६७

गेल्या आठवड्यात रक्त काढलं माझं आणि आज आत बोलावलं ह्यांना! मी बाहेर बाकावर. पालघरचे हे डॉक्टर हुशार म्हणून अख्खं माहीम गाव त्यांच्याकडे जातं, पण बाईमाणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कुलूप. दार लोटलेलं. कान टवकारून बसले, पण बाजूच्या म्हातारीचा खोकला थांबेल तर शपथ.

हे बाहेर आले ते पांढरेफटक. "रक्तात दोष निघालाय. इंजेक्शनं घ्यावी लागतील." कसला दोष? "दोष म्हणजे दोष. चल, गाडी जाईल." आणि निघता निघता कंपाउंडरने ह्यांच्याही दंडाला रबरी नळी बांधून रक्त घेतलं! मूल पडलं माझं. सांधे धरतात माझे, ताप येतो मला, कंगव्यात केसांचा पुंजका येतो तो माझ्या. मग ह्यांचं रक्त कशाला?

एसटीत मी खिडकीशी. माझ्या तोंडावर ऊन येत होतं तर स्वतः उठून खिडकीशी बसले. लग्नाला पाच वर्षं झाली, कधी सुचलं नाही ते आज सुचलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ११ एप्रिल

दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता आहे. काल वाचला होता, पण डोक्यात उतरला आज, भाकरी थापताना. गुप्तरोग, गरमी. बायकोची मुलं पोटातच जातात म्हणे. माझं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं गेल्या दिवाळीआधी, सातव्यात — मुलगा होता.

मी घरातून वाडीत आणि वाडीतून घरात. हे मात्र गेली दोन वर्षं आठवड्याचे सहा दिवस बोईसरला. तारापूरला ते अणुवीज केंद्र बांधतायत, तिथे सिमेंटच्या गोदामावर ह्यांची नोकरी. रविवारी घरी. एवढी बेरीज करायला सातवी पास व्हावं लागत नाही!

भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठे हाय?" तुमच्या लेकाकडे, म्हणावंसं वाटलं.

रविवार, १६ एप्रिल

काल रात्री सरळ विचारलं, "गरमी ना?" हे दचकले. "कोणी सांगितलं?" म्हणजे तीच. मी म्हटलं, "मला कुठून आली ते सांगा." तर हे माझ्याकडे बघतच बसले. असं बघितलं की मीच काहीतरी चोरलंय. मग म्हणाले, "सोमवारी माझ्या रक्ताचं कळेल. तोवर गप रहा."

आज दिवसभर पानमळ्यात होते. वेल बांधताना ह्यांचा हात बघावा — केळीच्या सालीचं सोपट दोन बोटांत असं फिरवतात की वेलीला कळतही नसेल. गावातली माणसं बोलवायला येतात, दिनानाथ वेल बांधायला चल म्हणून. आज तेच हात बघून मला शिसारी आली.

सोमवार, १७ एप्रिल

पालघरला हे एकटेच गेले. मला म्हणाले, तू येऊ नकोस, उन्हाने तोंड लाल होतं तुझं. वा! केवढी काळजी!

दुपारी परत आले. मी विहिरीवर होते. सासूबाई ओसरीवरून बडबडत होत्या — "हिच्याच अंगात कायतरी हाय. दोन गेली. तोंडावर बघ कसले चट्टे. माहेरानं लपवून दिली आमच्या गळ्यात." रोजचंच. तर हे अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "दोष माझा हाय, आई. हिला माझ्याकडून लागलाय. हिला कोणी काय बोलायचं नाय."

कमळी आमची वाडीतली कामकरीण, ती पाट काढत होती. तिच्या हातातलं फावडं थांबलं.

सासूबाईंना आधी कळेचना. मग कळलं. रडल्या, कपाळ बडवून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मळ्यात पाऊल टाकू नकोस आता. नागवेल हाय ती, विटाळ सोसत नाय." आम्ही बायका महिन्याचे ते दिवस जात नाही, चपला तर कोणीच आत नेत नाही. पण पुरुषाला कायमचं बाहेर — असं ह्या घरात कधी झालं नव्हतं.

हे "बरं" म्हणाले. एवढंच. चपला घातल्या आणि निघाले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. लबाडी पकडली मी!

सोमवार, २४ एप्रिल

पहिलं इंजेक्शन. कमरेला गाठ आली, बसवत नाही. कंपाउंडर म्हणतो, अजून बरीच आहेत. ह्यांच्या नावाने देवापुढे दिवा लावायचे पूर्वी — आता त्यांच्या नावाने बोटं मोडते.

रविवार, ७ मे

एक गोष्ट लक्षात आली. हे म्हणतात, माझी इंजेक्शनं मी बोईसरला घेतो. पण ओसरीवर मांडी घालून आरामात बसतात! उठताना कमरेला हात नाही, तोंड वाकडं नाही. मला इकडे कूस बदलता येत नाही. म्हणजे इंजेक्शनं घेतच नाहीत. का घेत नाहीत? बरं व्हायचंच नाही का? विचारलं तर म्हणे, "मला दुखत नाय एवढं." काय तर म्हणे दुखत नाय!

मळ्याच्या कुडाबाहेर उभे राहून गड्याला सांगत होते, "आवळू नको रे... सैल ठेव... अरे मोडेल ती." आत गेले नाहीत. गडी दांडगा. दोन वेली मोडल्या. ह्यांनी तोंड फिरवलं.

रविवार, २१ मे

ही तर कमालच झाली. जेवण झाल्यावर, सासूबाई आत गेल्यावर, हळूच म्हणतात, "पुष्पे, तुला मला काय सांगायचं हाय का? असलं तर सांग. मी रागावणार नाय. कोणाला बोलणार पण नाय."

मी? मी सांगायचं? चोराच्या उलट्या बोंबा! चांगलं फटकारलं. हे तसेच उठून गेले. नंतर बघितलं तर विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलेले.

गुरुवार, १५ जून

कमळीने मागेच सांगितलं होतं, "दादा बोईसरला त्या नगरवालीच्या हातचं जेवतो. सुगंधा नाव तिचं. नवरा नाय तिला." तिचा भाऊ तिथे खडी टाकतो, त्याने बघितलंय. झालं! नाव मिळालं. तेव्हापासून झोप नाही.

आज सासूबाईंना पालघरला जाते सांगून कमळीबरोबर थेट बोईसर गाठलं. पत्र्याच्या चाळी, चिखल, आणि जिकडे तिकडे माणसं — कोणी सातारचा, कोणी नगरचा, कोणी हिंदीत बोलणारा. सुगंधाबाईची खाणावळ म्हणजे एक ताडपत्री आणि दोन चुली. मला वाटलं होतं, नटवी असेल. ही काळीसावळी, थोराड, डोक्यावर पदर, हाताला पीठ.

मी कोण ते सांगितलं. तर म्हणे, "बसा की. च्या घ्या." मी म्हटलं, तुझा चहा नको, तू माझ्या नवऱ्याचं काय केलंस ते सांग. ती हसली. "अवो बाई, हितं पस्तीस मानसं जेवत्यात. तुमचा मानूस ताटावरनं मान वर करत न्हाई. कालवनात मासा न्हाई म्हून तोंड वाकडं करतो — येवढीच त्याची न् माझी वळख!"

ती हसली तिथेच माझं डोकं गेलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. रोग हा शब्द बोलले. गरमी पण बोलले. जेवणारे थांबले. एकजण म्हणाला, "अरे, इसके हाथ का खाते हैं हम?" आणि ताट तसंच टाकून उठला. त्याच्यामागे दुसरा उठला. मग रांगच लागली.

सुगंधा खाली वाकली. सांडलेलं वरण पदराने पुसत होती. परतताना कमळी म्हणाली, "वयनी, ती तशी नाय वाटत." मी म्हटलं, तशा बायका तशा वाटतच नाहीत.

रविवार, १८ जून

हे आले. ओरडतील म्हणून तयार होते. ओरडले नाहीत. "तू उन्हातान्हात बोईसरला कशाला आलीस? ताप वाढला ना?" म्हणजे तिला वाचवतायत! नाहीतर एवढं गोड कोण बोलतं?

शनिवार, १ जुलै

बोटं सुजली. पेन धरवत नाही.

रविवार, ९ जुलै

इंजेक्शनं संपली, पण गुण नाही. उलट वाढलंय. डॉक्टर ह्यांना म्हणाले, मुंबईला दाखवा. माझ्यासमोर नाही, बाहेर नेऊन. सारखं माझ्यामागे कुजबुजतात.

चहा कडू लागतो. सासूबाईंच्या हातचा नाही — रविवारचा, हे करतात तो! नवरा कधी चहा करतो का? हेच का करतात? आज झाडाच्या मुळाशी ओतला. झाड बघते मरतं का.

बुधवार, १९ जुलै

विहिरीवरचं इंजिन माझं नाव घेतं. पुष्पी-पुष्पी-पुष्पी. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पावसात इंजिन बंद असतं, विसरलीस? बंद असतं तर ऐकू कसं येतं? सगळे मिळून मला वेडी ठरवतायत. मला कळतं. मी गप्प बसते.

मंगळवार, २५ जुलै

सुगंधा कुडाआड उभी होती. पदरात पीठ. मी दगड मारला. कमळी म्हणते केळ होती. कमळी पण फितूर.

शनिवार, २९ जुलै

झाड मेलं नाही. पावसाने विष वाहून गेलं असणार.

रविवार, ६ ऑगस्ट

ह्यांनी मला मारायचा प्रयत्न केला. लिहून ठेवते, म्हणजे मागे राहील. चुलीपाशी बसले होते. पुढचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा जमिनीवर, ह्यांची बोटं माझ्या तोंडात घातलेली, जीभ ओढत होते! मी कडकडून चावले. रक्त आलं. सासूबाई नाकाशी चप्पल धरून ओरडत होत्या, शिरगावच्या भगताला आणा, हिला लागलंय. हे ओरडले, "भगत नाय आणायचा! मुंबईला नेतो मी हिला."

नेऊन टाकणार. मी जाणार नाही. नाही. नाही.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

मुंबई. हॉस्पिटल. आज पहिल्यांदा पेन मागितलं.

मधलं बरंचसं नाहीच. कोरं. पुन्हा दोनदा झटके आले म्हणे. नर्सच्या अंगावर धावून गेले म्हणे. ताट भिरकावलं. कोणी सांगितलं की लाज वाटते, पण ते सगळं दुसऱ्याच कोणीतरी केल्यासारखं.

मागची पानं वाचली. इंजिन, सुगंधा, चहा. अक्षर माझंच. ह्या बाईला एका खोलीत घेऊन झोपायची माझी तरी हिंमत झाली नसती. हे मात्र वॉर्डाबाहेर व्हरांड्यात झोपतात. नोकरीचं काय, विचारलं. "गेली," म्हणाले, आणि मोसंबं सोलायला लागले. उजव्या हाताच्या बोटांना पट्टी. मी बघतेय म्हटल्यावर हात मागे घेतला.

सोमवार, ११ सप्टेंबर

रोज बारीक बारीक गोळ्या. ताप गेला. बोटं मिटतात, उघडतात! तोंड मात्र पुरीसारखं फुगलंय. भूक तर अशी की शेजारणीच्या डब्यावर डोळा.

गुरुवार, १४ सप्टेंबर

सगळं लिहायचंय.

इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई. पांढरे केस, आवाज करडा, पण खाटेवर बसून बोलतात. ह्यांना बाहेर काढत नाहीत, मलाही नाही. म्हणाल्या, "बाई, तुमच्या आजाराचं नाव ल्युपस." ह्यांनी सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतलं, दोनदा विचारून. "आपल्या रक्तात काही द्रव्यं असतात. बाहेरून जंतू आला की त्याच्यावर तुटून पडतात. घराचा राखणदार म्हणा. तुमचा राखणदार घरच्यांनाच चोर समजायला लागलाय. सांध्यांवर उठला, कातडीवर उठला, मग मेंदूवर. झटके, भास, संशय — ते सगळं त्यातलंच. तुमचं डोकं फिरलं नव्हतं. सुजलं होतं."

मी विचारलं, "आणि ती... गरमी?"

"गरमी तुम्हाला कधीच नव्हती. त्या तपासणीला हीच द्रव्यं फसवतात. रोग नसताना आहे म्हणून दाखवतात. तुमच्यासारख्या बायका मी आणखी पाहिल्यात." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं रक्त त्याच वेळी स्वच्छ निघालं होतं. तेव्हाच कोणाला तरी शंका यायला हवी होती."

स्वच्छ!

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मोसंब्याच्या साली गोळा करत होते.

बाई गेल्यावर म्हटलं, "स्वच्छ होतं? मग अंगणात ते काय बोललात?" साली कागदात गुंडाळल्या. मग म्हणाले, "घरात आई होती. भोवती गाव होतं. माझं स्वच्छ आणि तुझं नाय, असं कळलं असतं तर तुला जगू दिलं असतं का कोणी?"

"आणि इंजेक्शनं?"

"कशाची घेणार? काय झालंच नव्हतं."

"मग तुम्हाला काय वाटलं? माझ्या रक्तात कुठून आलं वाटलं?"

हे उठले. साली घेऊन बाहेर टाकायला गेले.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

रात्रभर विचार. म्हणजे हा माणूस इतके महिने मला तसली समजत होता! समजत होता आणि माझ्या वाटचं ऊन स्वतःच्या तोंडावर घेत होता. समजत होता आणि चहा करून देत होता. "तुला काय सांगायचं हाय का?" — तेव्हा ह्यांना हेच विचारायचं होतं!

राग येतो. इतका राग येतो की त्यांनी आणलेली पेज ढकलून द्यावी. माझ्यावर संशय, माझ्यावर! आणि मग ते वाटी घेऊन उभे असतात, बोटांवर माझ्या दातांचे वण, आणि मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं. दोन्ही एकदम. एका माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटणं बरं नव्हे. पण वाटतं, काय करू?

पेज संपवली. रिकामी वाटी त्यांच्या हातात दिली.

शनिवार, १४ ऑक्टोबर

माहीम. घरी. उन्हात जायचं नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत, मुलाचं आताच मनात आणायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा हुकूम.

सासूबाईंना ह्यांनी समजावलं. त्यांना फक्त एवढंच कळलं की लेक शुद्ध आहे. लगेच म्हणाल्या, "मग जा की मळ्यात! वेली किती मेल्या बघ." माझ्याकडे बघितलं नाही, पण संध्याकाळी माझ्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा आला.

सुगंधाबाईंचं विचारलं. हे म्हणाले, "ती खाणावळ त्याच आठवड्यात बसली. कोण जेवेना. कुठे गेली, माहीत नाय." मी म्हटलं, शोधा. म्हणाले, कमळीच्या भावाला सांगितलंय, पण नगरला गेली असली तर कशी सापडणार?

रविवार, २९ ऑक्टोबर

हे आज मळ्यात शिरले. कुडाशी चपला काढल्या, हात जोडले. मी मागोमाग गेले. आत सावली, मला चालते. मोडलेल्या वेली उतरवून पुन्हा बांधत होते. सोपट पूर्वीसारखंच बोटांत फिरत होतं. विचारायचं नाही ठरवलं होतं — विचारलंच.

"तुम्हाला कोण वाटला होता? कोणाचं तरी नाव मनात आलं असेलच की!"

हात थांबला नाही. "नाव शोधलंच नाय मी, पुष्पे. शोधलं असतं तर सापडलं असतं."

मी शोधलं होतं. मला सापडलं.